चार माणसांचं प्रमाण

शेफ विष्णू मनोहर यांचं नाव काढलं की लोकांच्या तोंडी आधी किलो येतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागपुरात शिजलेली तीन हजार किलो खिचडी. त्याच वर्षी डिसेंबरात जळगावात घातलेला अडीच हजार किलो वांग्यांच्या भरिताचा घाट. जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येत राममंदिराचा सोहळा होत असताना, कोराडीच्या जगदंबा मंदिरात ढवळलेला सहा हजार किलो हलवा. आणि या सगळ्याच्या आधीचे, एप्रिल २०१७ मधले, नागपुरातच सलग रांधत काढलेले ५३ तास.

वर्तमानपत्रांना हे आकडे पुरतात. मला मात्र या माणसाचं मोठेपण दुसऱ्याच आकड्यात दिसतं, आणि तो आकडा आहे चार. टीव्हीच्या पडद्यावर, ओट्यावर ओळीनं मांडलेल्या वाट्या, आणि 'चार जणांसाठी' म्हणून सांगितलेलं साहित्य. गोळाभात, वडाभात, पाटोडीचा रस्सा, सांबारवडी, उकडपेंडी, कढीगोळे हे विदर्भाचे रोजचे आणि सणासुदीचे पदार्थ. पिढ्यान्‌पिढ्या ते हाताच्या अंदाजानंच होत आले. छापील पुस्तकांत त्यांना जागा थोडी, हॉटेलच्या कार्डावर त्याहून थोडी. हेच पदार्थ वाटी-चमच्याच्या मापात बसून दुपारी पडद्यावर यायला लागले, त्याला विक्रमांची कढई लागली नव्हती. त्याला लागली होती एक साधी शेगडी आणि सांगण्याची चिकाटी.

मी नागपूरची. पण ही गोष्ट मला उमगली ती नागपूरच्या बाहेर, सौंसर आणि पांढुर्ण्यात.

*

नागपूरहून सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की राज्य बदलतं, शिवार तेच राहतं. तीच कपाशी, तीच तूर, तेच संत्र्याचे बगीचे. भोसल्यांच्या अमलात आणि पुढे इंग्रजांच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसमध्ये या मुलखाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातला सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. बाहेरच्यांना पांढुर्णा ठाऊक असतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीमुळे, आणि सौंसर ठाऊक असतं ते जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमानामुळे. त्यापलीकडे इथली मराठी माणसं रोज काय जेवतात, हे विचारायला फारसं कुणी येत नाही.

तहसिलीतला अर्ज हिंदीत, कोर्टाचा कागद हिंदीत, बहुतेक पोरांची शाळाही हिंदीत. मराठी उरते ती घरात, भाजीबाजारात, भजनात आणि लग्नाच्या मांडवात. सत्तर वर्षांत या भागाची लेखी मराठी आटत गेली, बोलती मराठी मात्र टिकून राहिली. आणि ती जिथे सगळ्यांत घट्ट धरून राहिली ती जागा म्हणजे चूल. उखाणे हिंदीत घेतले गेले असतील, पण वडाभाताला या भागात दुसरं नाव मिळालं नाही.

उपग्रह वाहिन्यांना राज्याच्या सीमेचं काही नसतं. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ईटीव्ही मराठी. गावातल्या केबलवाल्यानं त्या लावल्या आणि या घरांमध्ये रोज तासन्‌तास मराठी ऐकू येऊ लागली. मालिका पाहिल्या गेल्या, बातम्याही. पण मालिकेतली माणसं पुण्या-मुंबईची, त्यांची भांडणं पुण्या-मुंबईच्या वाड्या-फ्लॅटमधली. ईटीव्हीवरची विष्णू मनोहरांची 'मेजवानी' लागली की मात्र घरातली मोठी माणसं सरसावून बसत. बोलण्यात नागपूरचा हेल, हातात झारा, आणि कढईत आपल्याच घरात काल झालेला पदार्थ.

माझी मामी सौंसरची. संत्र्याचा बगीचा, सांजसकाळ शेतावरची माणसं जेवायला, त्यामुळे पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक तिला नवा नव्हता. तिच्या हातचा गोळाभात आमच्या अख्ख्या गोतावळ्यात नावाजलेला. तरीही दुपारची भांडी आटोपली की ती टीव्हीसमोर बसायची, आणि त्या दिवशी गोळाभातच असला तर आणखीच मन लावून पाहायची. जो पदार्थ आपल्याला झोपेतही करता येतो तो दुसऱ्यानं केलेला का पाहायचा, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

उत्तर तिच्या सुनेकडे होतं. सून इंदूरकडची, माहेर हिंदी बोलणारं. घरात आली तेव्हा तिला पोहे, दाल-बाफले, भुट्ट्याचा कीस उत्तम येत होतं, पण इकडचं काहीच येत नव्हतं. मामी शिकवायला तयार होती, तिला सांगता येत नव्हतं. "हाताले समजते ते तोंडानं कसं सांगू?" असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. तिचं बेसन मुठीनं मोजलं जायचं, तेल धारेनं, मीठ चिमटीनं. मूठ तिची, धार तिची. सुनेच्या हाताला ती कुठून येणार?

टीव्हीवरच्या माणसानं ही कोंडी फोडली. त्यानं वाटी दाखवली. सुनेनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं, मराठी पदार्थ, हिंदीच्या वळणाची वाक्यं. मग सासू-सुना मिळून त्या कागदावर भांडल्या. मामीचं म्हणणं, मोहन कमी आहे. टीव्हीवाला म्हणतो तेवढ्या तेलात गोळा दगड होईल. सुनेचं म्हणणं, आधी तसंच करून पाहू. करून पाहिलं. मग दुसऱ्या खेपेला तेल वाढलं. कागदावर '२ चमचे' खोडून '३' झालं. तो कागद आजही फडताळात आहे, आणि त्यावरचं प्रमाण आता विष्णू मनोहरांचंही नाही, ते त्या घराचं आहे.

*

गोळाभाताची ही गंमत सविस्तर सांगायला हवी, कारण टीव्हीवर स्वयंपाक दाखवण्यातलं कसब त्यातच कळतं.

चण्याची डाळ भरडून घ्यायची, पीठ करायचं नाही. रवाळ हवी. त्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, थोडा ओवा, आणि कडकडीत तेलाचं मोहन. पाणी अगदी बेताचं. मुठीत दाबून लांबट गोळे वळायचे, बोटांचे ठसे त्यावर उमटतात. दुसरीकडे भात. आता खरी मेख आहे ती गोळे भातात ठेवण्याच्या वेळेत. पाणी खळखळ उकळत असताना टाकले तर गोळा विरघळून भाताची खिचडी होते. पाणी पुरतं आटल्यावर ठेवले तर गोळा आतून कच्चा, घशात अडकणारा. तांदूळ अर्धा शिजलेला असतो, पाणी तांदळाच्या पातळीला येऊन बुडबुडे जागोजागी फुटायला लागतात, तेवढ्या दोन-तीन मिनिटांत गोळे अलगद रचायचे, भातानं थोडे झाकायचे आणि मंद आचेवर झाकण. पुढचं काम वाफ करते. पानात वाढताना गरम भातावर गोळा कुस्करायचा आणि वरून हिंग, मोहरी, लसूण, लाल मिरचीची चरचरीत फोडणी. सोबत कढी किंवा चिंचेचं सार.

हे वाचून कुणाला गोळाभात जमेल असं नाही. 'पाणी तांदळाच्या पातळीला येतं' म्हणजे नेमकं काय, ते डोळ्यांनी पाहावं लागतं. भांड्याच्या तोंडाशी नेलेल्या कॅमेऱ्यानं ते दाखवलं. लक्ष्मीबाई धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'गृहिणी-मित्र' लिहून मराठी बाईच्या हाती छापील पाककृती दिली. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० मध्ये घरातली वाटी आणि चमचा हेच माप ठरवून नवख्या मुलीची भीती घालवली. त्या परंपरेत टीव्हीनं घातलेली भर ही आहे: बुडबुडा, रंग, ढवळण्याचा वेग, झाऱ्यावरून पडणाऱ्या पिठाची धार. पुस्तकाला जे पाच ओळींत सांगावं लागतं ते पडद्यावर एका नजरेत होतं. वास आणि चव तेवढी राहते, ती पाहणाऱ्यानं आपल्या घरी जाऊन आणायची.

*

टीव्हीवर स्वयंपाक करण्याचा इतिहास टीव्हीइतकाच जुना. दुसरं महायुद्ध संपून बीबीसीचं प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं, त्याच वर्षी, १९४६ मध्ये, फिलिप हार्बेन हा दाढीवाला गृहस्थ पडद्यावर रांधू लागला. देशात रेशनिंग चालू होतं, लोणी-अंडी मोजून मिळत होती, आणि लोक धूसर पडद्यावर स्वयंपाक पाहत होते. त्याच साली अमेरिकेत जेम्स बिअर्ड यांचा कार्यक्रम सुरू झाला. पण या व्यवसायाला खरा चेहरा दिला तो ज्युलिया चाइल्ड यांनी. पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकलेल्या या उंचनिंच बाईंचं पुस्तक १९६१ मध्ये आलं. पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवरच्या एका पुस्तकविषयक कार्यक्रमात त्या गेल्या, तर सोबत शेगडी घेऊन, आणि तिथे त्यांनी ऑम्लेट करून दाखवलं. लोकांनी पत्रं लिहिली, या बाईंना पुन्हा आणा. १९६३ पासून 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला. पदार्थ बिघडला तर तो तसाच सावरून दाखवायचा, पुढे जायचं, हा त्यांचा खाक्या. त्यांचं सबंध स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे ही वाट पुस्तकातून आणि क्लासमधून आली. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत घरच्या घरी शाकाहारी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले, १९७४ मध्ये पहिलं पुस्तक काढलं, पुढे त्या टीव्हीवरही आल्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण रोजच्या जेवणाची भाषा बदलण्याचं काम केलं ते संजीव कपूर यांनी. १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झाला. पंचतारांकित हॉटेलातला आचारी डोक्यावरची उंच टोपी बाजूला ठेवून हसतमुखानं घरच्या बाईशी हिंदीत बोलतो, हे देशानं पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर पाहिलं. सौंसर-पांढुर्ण्यातही तो पाहिला गेला. पनीर बटर मसाला लग्नाच्या पंगतीत शिरला तो याच सुमाराला. कपूर यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या कार्यक्रमातून जे शिकायचं ते दुसरीकडचं होतं. दिल्ली, लखनौ, चीन, इटली. माणूस टीव्हीसमोर बसून आपल्या घरात नसलेलं काही तरी शिकत होता.

विष्णू मनोहरांनी याची दिशा फिरवली. त्यांनी पुष्कळ नवं, परकंही करून दाखवलं, तो त्या कार्यक्रमाचा रोजचा रतीबच होता. पण अधूनमधून जेव्हा भरडाभात, पाटोडी, झुणका येई, तेव्हा विदर्भातला माणूस शिकत नव्हता, तो ओळखत होता. तोपर्यंत मराठी जेवण म्हणून टीव्ही-मासिकांतून दिसायचं ते कोकणाचं, पुण्याचं, फार तर कोल्हापूरचं. वऱ्हाड-नागपूर म्हटलं की 'सावजी' आणि 'तिखटजाळ' एवढ्यावर चर्चा संपायची. पुढे २००७ मध्ये झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' आला. या दोन कार्यक्रमांनी मिळून गावागावांच्या पदार्थांना पडद्यावर बसायची जागा दिली, असं मला वाटतं. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांसाठी तर ते आणखी मोलाचं होतं. त्यांच्या राज्याच्या पर्यटन-पुस्तिकांत पोहे-जिलेबी, बाफले, माळव्याची दाल असते. वडाभात नसतो. महाराष्ट्राच्या पुस्तिकांत ही गावं नसतात. दोन्हीकडून सुटलेल्या या ताटाला पडद्यावर नागपूरच्या माणसानं जागा करून दिली.

*

आता त्या किलोंकडे येते. मला त्यांचं कौतुक कमी आहे असं वाटू नये. ज्यानं विदर्भातल्या पंगती पाहिल्या आहेत त्याला हे विक्रम आभाळातून पडलेले वाटत नाहीत. आमच्याकडे मोठ्या भांड्याचा स्वयंपाक ही एक स्वतंत्र विद्या आहे. मारुतीच्या देवळासमोर रोडग्यांचा स्वयंपाक होतो तेव्हा गोवऱ्यांचा आर पेटवून त्यात शेकड्यांनी रोडगे भाजले जातात, बाजूला डेगीत वांग्याची भाजी आणि वरण रटरटत असतं. सप्त्याचा महाप्रसाद, तेरवी, लग्नाची पंगत, हनुमान जयंती: आचारी आणि त्याच्या हाताखालची माणसं पहाटे चर खणून चूल मांडतात. हजार माणसांचं वरण करणारा आचारी चार माणसांच्या वरणाला अडीचशेनं गुणत नाही. भांडं मोठं झालं की वाफेनं उडणारं पाणी त्या मानानं कमी होतं, म्हणून पाणी गुणाकारापेक्षा कमी लागतं. तिखट-मिठाचंही तेच. चूल विझवल्यावरही मोठ्या डेगीचं पोट कितीतरी वेळ शिजत राहतं, त्यामुळे खिचडी मऊ झाल्यावर आच काढणारा आचारी नवशिका, किंचित कच्ची असताना काढणारा जाणता.

तीन हजार किलोंची खिचडी हे याच विद्येचं टोक. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या जागतिक अन्न मेळाव्यात संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली ९१८ किलो खिचडी शिजली आणि ती गिनीजच्या नोंदीत गेली. नागपूरची खिचडी त्यानंतर वर्षभरातली, तिपटीहून मोठी. भरिताला जळगाव निवडलं हेही मला आवडलं. वांग्याचं भरीत ही खानदेशाची शान, कापसाच्या काड्यांवर वांगी भाजण्याची रीत तिथली. तिथे जाऊन, तिथल्या लोकांना हाताशी घेऊन ते करणं यात त्या मातीचा मान राखला गेला.

५३ तासांची गोष्ट वेगळी. २१ एप्रिल २०१७, शुक्रवारी सकाळी आठला नागपुरात ते रांधायला उभे राहिले ते रविवारी दुपारी एकपर्यंत. एप्रिलमधलं नागपूर म्हणजे काय ते इथल्याला सांगावं लागत नाही, त्यात पेटत्या शेगड्यांसमोर उभं राहणं. आधीचा विक्रम अमेरिकेतल्या बेंजामिन पेरी यांचा, ४० तासांचा. अशा मॅरेथॉनच्या नियमांत दर तासाला पाच मिनिटांची विश्रांती मिळते आणि ती साठवून एकदम घेता येते. त्या साठवलेल्या मिनिटांतच झोप, जेवण, सगळं. पुढे हा विक्रमही मागे पडला. २०१९ मध्ये मध्य प्रदेशातल्याच रिवा इथल्या लता टंडन यांनी ८७ तास ४५ मिनिटं रांधलं. मे २०२३ मध्ये लागोसच्या हिल्डा बासी शंभर तास उभ्या राहिल्या, पण विश्रांतीचा हिशेब जरा जास्त झाला म्हणून गिनीजनं ९३ तास ११ मिनिटं धरली. नायजेरियात त्या चार दिवसांत लोक रस्त्यावर नाचत होते. लागोस, रिवा, नागपूर. तिन्ही ठिकाणी मांडवाबाहेर जमलेल्या गर्दीला आपलं अन्न जगानं पाहावं असं मनापासून वाटत होतं, आणि त्या भावनेला मी कधीच हिणवणार नाही.

तरी माझा कौल रोजच्या दुपारच्या कार्यक्रमाकडे आहे. हजारोंच्या कढईनं लोक एक दिवस जमतात. वाटीच्या मापानं एक सून गोळाभात करायला शिकते, आणि तो पदार्थ त्या घरात आणखी एक पिढी राहतो.

*

या कामाचं कौतुक करताना त्यातलं एक मोठं अपुरेपण सांगायलाच हवं. टीव्हीनं वैदर्भी म्हणून जे ताट मांडलं ते मुख्यतः शाकाहारी आणि मध्यमवर्गीय घरांचं होतं. नागपूरच्या कोष्टी समाजानं घडवलेलं सावजी जेवण, काळा झणझणीत रस्सा, तेलाचा तवंग, जवस आणि खसखशीचं वाटण, त्याचं नाव पडद्यावर पुष्कळ झालं, पण मूळ कारागिरांचं बोलणं तिथे क्वचितच ऐकू आलं. विणकरीवर पोट भरेना तेव्हा घरातल्या चुलीवर खानावळी सुरू झाल्या, हा इतिहास रेसिपीच्या चार ओळींत मावत नाही.

सौंसर-पांढुर्ण्याच्या बाबतीत हे जास्तच बोचतं, कारण छिंदवाड्याचा डोंगराळ भाग गोंडांचा आणि भारियांचा. कोदो-कुटकीचा भात, उन्हाळ्यात पोटाला थंड पडणारी पेज, वाळवलेल्या मोहफुलांचे पदार्थ, पावसाळ्यातल्या रानभाज्या. आठवडी बाजारात हे धान्य आणि या भाज्या मराठी घरांच्या पिशव्यांतही जातात. पण २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष येईपर्यंत कोदो-कुटकी टीव्हीच्या ओट्यावर फारशी दिसली नव्हती, आणि आली तेव्हा पुलाव नि डोसा होऊन आली. पेज होऊन आली नाही. दलित स्वयंपाकाचीही तीच कथा. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाचा हिशेब मांडला. ते पुस्तक वाचलं की लक्षात येतं, पाककृती सांगणं म्हणजे कुणाच्या घरात पाहायचं आणि कुणाच्या घराकडे पाठ फिरवायची हे ठरवणं. टीव्हीनं हे ठरवलं, आणि बऱ्याच घरांकडे पाठ फिरवली. याचा दोष एका माणसाच्या माथी मारता येणार नाही. जाहिरातदार, वाहिनी, प्रायोजक तेलाची कंपनी, दुपारचा प्रेक्षक, सगळ्यांनी मिळून ते ताट वाढलं होतं.

आता दुपारचा तो प्रेक्षकही तिथे उरलेला नाही. ईटीव्ही मराठीची २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर 'मधुराज रेसिपी' सुरू केली आणि मराठी स्वयंपाक फोनवर गेला. सौंसरच्या त्या सुनेची मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे. आईला फोन करण्याआधी ती यूट्यूब पाहते, आणि मग आईला विचारते की यातलं चूक काय आहे. विष्णू मनोहरही यूट्यूबवर आहेत, पुस्तकं लिहितात, 'विष्णूजी की रसोई'च्या थाळीत विदर्भाचे पदार्थ वाढतात. टीव्हीवर पाहिलेला माणूस आणि त्याच्या हाताखाली शिजलेलं ताट प्रत्यक्ष समोर येतं, म्हणून नागपूरला दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या खरेदीच्या कामानं आलेली सौंसर-पांढुर्ण्याकडची कुटुंबं मुद्दाम तिथे जेवून परततात.

फोनमुळे एक दार मात्र उघडलं आहे, आणि त्यातून कुणी तरी लवकर आत शिरावं असं मला फार वाटतं. पडद्यावर अर्ध्या तासात बसवण्याची सक्ती आता नाही. लांब पोळीचंच पाहा. गव्हाची कणीक पाण्यात सैल भिजवून, आपटून आपटून तिला ताण आणायचा, मग उंडा दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत झुलवत चादरीसारखा पातळ करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या रांजणावर टाकायचा. कणकेला ताण कधी आला हे बोटांना कळायला वर्षं जातात. हे जाणणाऱ्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि गॅसच्या ओट्यावर रांजण बसत नाही.

पांढुर्णा नवा जिल्हा आहे. उद्या त्याची माहितीपुस्तिका निघेल, संकेतस्थळ सजेल, त्यात संत्री येतील, गोटमार येईल, जामसावळी येईल. त्यासोबत स्वयंपाकाचंही काम व्हावं. सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, रामाकोना, पांढुर्णा, सावरगाव, या प्रत्येक गावातली रोडगे भाजणारी माणसं, पंगतीचे आचारी, लांब पोळी करणाऱ्या बाया, पेज रांधणारी गोंड कुटुंबं, आणि फडताळात खाडाखोड केलेले कागद जपून ठेवणाऱ्या सासू-सुना. त्यांच्या चुलीजवळ कॅमेरा न्यावा, त्यांच्या बोलीत त्यांना बोलू द्यावं, मूठ किती, धार किती ते वाटीत मोजून घ्यावं, आणि सांगणाऱ्याचं नाव पाककृतीच्या वर लिहावं. पोळ्याच्या आधी सुरुवात केली तर पावसाळी रानभाज्याही सापडतील. रोडग्यांसाठी हनुमान जयंतीपर्यंत थांबावं लागेल.